एक दोरा

खासबागच्या रविवारच्या बाजारात
टी-शर्टांच्या ढिगापुढं आई उकिडवी बसायची
आणि रंगाकडं बघायचीच नाही.
गळा दोन अंगठ्यांत धरून ताणायची, सोडायची.
जागेवर परत आला तर पुढचं बोलणं.
लोंबला, की दुकानदाराकडं असं बघायची
जणू त्यानंच घालून सैल केलाय.
मग बाजूची शिवण. ती पोटाकडं वळलेली दिसली की
"दोन धुण्यांत फिरतोय बग ह्यो,
माणूस सरळ चालंल, शर्ट वाकडा."

सगळं जमलं की
खालच्या दुमडीतून एक दोरा ओढायची
आणि कनवटीची काडेपेटी काढायची.
"ओ अक्का, काय करूलालासा!"
एकच तर दोरा.
राख होऊन बोटांत विरला, तर सूत.
टोकाला काळा मणी धरला
तर शर्ट ढिगावर,
आणि आम्ही पुढच्या गाड्याकडं.
मला लाज वाटायची. मी चार पावलं मागं चालायचे.

बाबा उद्यमबागेत ओतकामावर.
तापलेलं लोखंड साच्यात उतरताना उडतं थोडं.
सुताला भोक पडतं, एवढंच.
दुसरं कापड वितळतं, आणि अंगाला धरतं.
सातेरी मुतगेकरांच्या खांद्यावर
बोटभर निळसर डाग होता, कातडीतच बसलेला.
चहाला आले की दाखवायचे,
"फुकट मिळालेला टी-शर्ट,
अजून अंगावर हाय बगा."

एका वर्षी आमच्याकडंही फुकटचे दोन आले.
एक मंडळाचा, भगवा, छातीवर मराठी अक्षरं.
एक शेजारच्या नीलव्वाच्या बसवराजनं दिलेला,
लाल-पिवळा, पाठीवर कन्नड.
आईनं दोन्हींचे दोरे जाळले.
दोन्हींची राख झाली.
पहिल्या धुण्याला मूठभर मीठ टाकायचं असतं,
ते त्या दिवशी मी विसरले,
आणि बादली एकच.
दोरीवर दोन्ही आले तेव्हा
कुणाचा पिवळा कुणात गेला, सांगता येईना.
बाबांनी दोन्ही घातले, पाळीपाळीनं,
भट्टीपुढं मात्र उलटे करून.
छापलेलं आधी पेटतं, म्हणायचे.

धुतानाही उलटेच. सावलीत वाळवायचे.
चिमटा खांद्याला नाही, खालच्या काठाला;
सगळी गल्ली बघायची, आमच्या दारात
माणसं हात सोडून उलटी लोंबताहेत.

छातीची चाळण झाली की आई कात्री घ्यायची.
बाह्या कापून, खालचा काठ शिवून
भाजीची पिशवी.
कडेकडेनं गोल गोल कापत गेलं की लांबच लांब पट्टी,
ती परड्यातल्या वालाच्या वेलाला;
वेल वाढतो तशी ताणते, काचत नाही.
पाठीचा भाग सगळ्यांत मऊ.
तो ताईच्या बाळाला, सहा लंगोट.
उरलंसुरलं किलोवर जायचं,
कारखान्यात यंत्रं पुसायला.
एकदा ग्रीस पुसता पुसता बाबा थांबले.
चिंधीवर तीन भोकं होती, तिरक्या ओळीत.
कधीची ते त्यांना आठवलं,
साचा कुठला होता तेही.
घरी आल्यावर तेवढंच सांगितलं
आणि जेवायला बसले.

मी आता टिळकवाडीत असते.
टी-शर्ट मोबाईलवर निवडते.
गळा ताणून बघता येत नाही,
कॉटन असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं.
परवा पार्सल फोडलं,
गॅस पेटवला, दोरा धरला.
मणी.
परत करण्याचं कारण निवडा, म्हणाला मोबाईल.
माप चुकलं. रंग वेगळा. आवडला नाही.
मणी झाला, हे त्यात नव्हतं.
आवडला नाही वर बोट ठेवलं.

न्यायला आला तो पोरगा विशीतला,
जिना चढून घामाघूम.
अंगात कंपनीचा चकचकीत टी-शर्ट,
पाठीला चिकटलेला.
खालच्या काठाला एक दोरा सुटून लोंबत होता.
माझी नजर तिथं गेली, तशी त्यानं
संकोचून काठ मुठीत धरला.
"पाणी घेतोस?" मी विचारलं.
आणि आत जाऊन आधी गॅस बंद केला.